पुढे होणाऱ्या मुलांच्या पाठीशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या मंडळाचा आज वाढदिवस. अशा दिवशी गोडधोड व्हावे, गाणी व्हावीत, भाषण थोडेच असावे हे मी जाणते. पण चिटणीसबाईंनी मला विषय असा दिला की नाही म्हणता येईना. "तुम्ही विद्यार्थ्यांसाठी संस्था चालवता. ती कशी चालवता, आणि पुढारीपण करणाऱ्या मुलांना मदत कशासाठी करता, ते सांगा," असे त्या म्हणाल्या. यातला दुसरा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. कोणी कौतुकाने विचारला, कोणी कपाळाला आठ्या घालून. म्हणून आज त्याचेच उत्तर देते.

हल्ली 'नागरी समाज' हा शब्द वारंवार कानी पडतो. शब्द जड आहे. वस्तू मात्र आपल्या घरातली आहे. एका बाजूला आपले घर आणि दुसऱ्या बाजूला सरकार, या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत माणसे आपण होऊन एकत्र येतात. भजनी मंडळ, भिशी, वाचनालय, बचत गट आणि हे आपले महिला मंडळ, ही सगळी त्या मधल्या जागेतली. तेथे कोणी कोणाचा नोकर नसतो की कोणी कोणाचा धनी नसतो. ही जागा भरलेली असेल तर गावाला आवाज असतो. ती ओस पडली तर घरातले दुःख घरातच राहते आणि कचेरीतला कागद कचेरीतच राहतो.

ही जागा नसली म्हणजे काय होते, हे आपल्या मराठवाड्याला कोणी नव्याने शिकवायला नको. निजामाच्या राज्यात १९२९ साली गश्ती निशाण ५३ निघाली आणि परवानगीवाचून सभा भरवणे बंद झाले. अशा वेळी माणसे एकत्र येणार कोठे? एक दार उघडे राहिले ते शाळेचे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली होती. तेथे १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक मुख्याध्यापक म्हणून आले. तेच पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ साली ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले, आणि १९३८ साली शाळा सोडून लोकांच्या कार्यात उतरले. त्याआधी १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले होते. परतूर तेव्हा आपल्याच परभणी जिल्ह्यात होते.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याच्या आधीच बंदी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस वसतिगृहांतली मुले 'वंदे मातरम्' म्हणू लागली. त्यांना मनाई झाली. ती मागे हटली नाहीत, तेव्हा शेकडो मुलांची नावे कमी झाली. बायांनो, आपल्या घरातल्या मुलाचे नाव कॉलेजातून कमी झाले तर आपल्या जिवाचे काय होईल? त्या मुलांचे शिक्षण तेथेच संपायचे. पण नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतले. टी. जे. केदार हे तेव्हा तेथले कुलगुरू होते. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच चळवळीतून नागपूरला शिकायला गेले.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. त्या मुलांचे धैर्य आपण सगळे वाखाणतो आणि ते वाखाणण्यासारखेच आहे. तथापि त्यांना वर्गात बसायला जागा देणारे, जेवायला ताट देणारे, राहायला खोली देणारे कोणीतरी होते, म्हणून ते धैर्य वाया गेले नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपला भाग मोकळा झाला. बरोबर शेहेचाळीस वर्षांनी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला विद्यापीठ निघाले आणि त्याला स्वामीजींचे नाव मिळाले. आपल्या पालमची मुले पदवी घेतात ती त्याच विद्यापीठाची. पदवीच्या कागदावर ज्यांचे नाव आहे ते आधी शाळामास्तर होते, एवढे तरी आपण मुलांना सांगावे.

पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, याचा धडा एका बाईनेच घालून दिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत होती. एकदा धान्याची अडचण आली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आधी दागिने दिले आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. त्यांनी व्यासपीठावर भाषणे केली नाहीत. परंतु त्यांच्या हातचे जेवून मोठी झालेली मुले महाराष्ट्रभर पसरली. पुण्यातही १९५५ साली अच्युतराव आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यांतून आलेल्या मुलांना राहायला जागा, जेवण, आणि शिकता शिकता कमावण्याची सवय तेथे मिळते. ही कामे दिसायला साधी आहेत. पण पोटाची चिंता मिटली म्हणजेच मुलाचे लक्ष दुसऱ्याच्या दुःखाकडे जाते.

आता कोणी म्हणेल, "ते दिवस वेगळे होते. आता स्वराज्य आहे, लोकांनी निवडलेले सरकार आहे. मुलांनी अभ्यास करावा. पुढारीपण कशाला हवे?" या शंकेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कॉलेजच्या निवडणुकांत पैसा आणि दंडेली शिरली होती, हे खरेच आहे. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे थेट निवडणुका थांबल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणांवरून प्रतिनिधी नेमण्याची रीत आली. २०१६ च्या कायद्यात पुन्हा निवडणुकीची तरतूद झाली, तीत मुलींच्या एका प्रतिनिधीची जागाही ठेवली. पण मधल्या काळात पिढ्यांमागून पिढ्या अशा गेल्या की, दहाजणांसमोर उभे राहून मत मागणे, हरल्यावर जिंकणाऱ्याशी हात मिळवणे आणि दिलेल्या शब्दाचा जाब देणे, हे त्यांना कॉलेजात शिकायलाच मिळाले नाही.

आणि दुसरीकडे पाहा. १९८९ सालापासून अठराव्या वर्षी मत देता येते. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभे राहता येते. १९९३ साली पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. अर्ध्या खुर्च्या आपल्या झाल्या आहेत! त्या खुर्चीवर जी मुलगी उद्या बसणार तिने आयुष्यात एकदाही सभा चालवली नसेल, अर्ज लिहिला नसेल, हिशेब तपासला नसेल, तर काय होईल? सही तिची आणि कारभार दुसऱ्याचा, असे होईल. असे कोठे कोठे होते ते मी सांगायला नको. तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून आमची लहानशी संस्था आहे. आम्ही मुलांना पुढारी करत नाही. जो मुलगा किंवा जी मुलगी आपण होऊन दहाजणांसाठी पुढे होते, तिच्या मागे आम्ही उभे राहतो. अर्ज कसा लिहावा, पोच कशी घ्यावी, माहितीच्या अधिकारात काय मागता येते, सभेचे टिपण कसे ठेवावे, एवढे शिकवतो. परीक्षेच्या दिवसांत पुस्तके देतो आणि लागलेच तर प्रवासखर्चही देतो.

एक उदाहरण सांगते. नाव सांगत नाही, कारण ते त्या घरचे आहे. आपल्या भागातल्या एका खेड्याची मुलगी कॉलेजला येत असे. तिचे प्रात्यक्षिकाचे तास संपायचे आणि गावाकडची शेवटची गाडी आधीच गेलेली असायची. तिने चाळीसएक मुलींच्या सह्या घेतल्या आणि गाडीची वेळ बदलावी म्हणून अर्ज केला. गावात बोभाटा झाला. घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले, "सह्या गोळा करत फिरणारी पोर आमच्या घरात नको. उद्यापासून कॉलेज बंद." दोन वर्षांचे शिक्षण एका वाक्यात संपत होते.

आमच्या दोघी जणी आणि त्या मुलीची आत्या, अशा तिघी त्या घरी गेल्या. त्यांनी उपदेश केला नाही. चहा झाल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "दादा, पोरीने काय लिहिले ते एकदा ऐका तर खरे." मुलीने अर्ज वाचला. त्यात गाड्यांच्या वेळा होत्या, तास संपण्याची वेळ होती, किती मुली किती गावांच्या ते होते, आणि खाली नम्र विनंती होती. एकही शब्द वावगा नव्हता. आजोबांनी विचारले, "हे तूच लिहिलेस?" ती हो म्हणाली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "पालकांच्या सह्या का नाहीत यावर? आण इकडे." तिसऱ्या अर्जानंतर गाडी अर्धा तास उशिरा सुटू लागली. ती मुलगी शिकली, आज नोकरी करते, आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारते.

प्रत्येक वेळी असे होत नाही. दुसऱ्या एका मुलीच्या घरी आम्ही चार वेळा गेलो. तिचे कॉलेज सुटले ते सुटलेच. म्हणूनच मला वाटते की, एका संस्थेने हे काम पुरे पडणार नाही. ज्या आळीत ती मुलगी राहते त्या आळीतल्या बायका बोलल्या, तर त्यांचा शब्द आमच्यापेक्षा वजनदार असतो.

आता संस्था कशी चालते ते थोडक्यात. नोंदणीला निदान सात माणसे लागतात. पण सात नावे मिळणे सोपे, सात कामाची माणसे मिळणे कठीण. आम्ही चार नियम पाळतो. पैसा कितीही लहान असो, पावतीवाचून घ्यायचा नाही. खात्यातून रक्कम काढायची ती दोघींच्या सहीने. वर्षाचा हिशेब तपासून धर्मादाय कचेरीत तर जातोच, पण त्याआधी तो सभेत मोठ्याने वाचायचा, म्हणजे ज्या आजींना अक्षरओळख नाही त्यांनाही कळतो. आणि एकाच बाईने वर्षानुवर्षे अध्यक्ष राहायचे नाही. घरात सुनेच्या हाती किल्ल्या द्यायच्या असतात; संस्थेतही तसेच.

एकदा एका गृहस्थांनी मोठी देणगी देऊ केली. अट एवढीच होती की, त्यांच्या मिरवणुकीत आमची मुले झेंडे घेऊन चालावीत. त्या वर्षी आमच्याजवळ पुस्तकांनाही पैसे नव्हते. सभेत दोन तास वाद झाला. शेवटी आम्ही हात जोडून नाही म्हणालो. मुलांनी मोठेपणी कोणत्या पक्षात जायचे तो त्यांचा प्रश्न. आम्ही त्यांना आजच कोणाच्या दावणीला बांधायचे नाही. त्या वर्षी बायकांनी पापड, कुरडया करून विकल्या आणि पुस्तके आली. थोडी कमी आली, पण आली.

भगिनींनो, आपल्या मंडळाकडे माझे तीन मागणे आहे. पहिले, मंडळाच्या प्रत्येक सभेला दोन कॉलेजच्या मुली बोलवा आणि सभेचे टिपण त्यांना लिहू द्या. दुसरे, परीक्षेच्या महिन्यात मंडळाची खोली संध्याकाळी अभ्यासाला उघडी ठेवा. दिवा आणि सतरंजी एवढेच लागते. तिसरे मागणे अवघड आहे. आपल्या ओळखीतल्या एखाद्या मुलीचे 'पुढेपुढे करणे' घरात खुपू लागले असे कानी आले, तर त्या घरी जा. भांडायला जाऊ नका. चहा प्यायला जा, आणि मुलीने काय लिहिले ते वाचायला लावा.

आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई. तिला पदवी नव्हती, पद नव्हते, घरचे दळणकांडण तिच्या वाट्याला होते. तरी तिचे शब्द सातशे वर्षे टिकले. आपल्या मुलींजवळही शब्द आहेत. ते ऐकून घ्यायला आपण बसलो पाहिजे.

मंडळाला दीर्घायुष्य लाभो, आणि पुढच्या वर्धापनदिनी येथे उभे राहून बोलणारी बाई माझ्या निम्म्या वयाची असो, एवढे मागून मी आपली रजा घेते.