लेकरू ऐकत नाही, दोष कुणाचा?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल सगळ्यांना माहीत आहे. आईबाप दोघंही वाहक असले, तर दर बाळंतपणात बाळाला आजार व्हायची शक्यता चारात एक. तिथं एकाच जनुकाचा बिघाड असतो, म्हणून रक्त तपासलं की कळतं.

आज दुसऱ्या एका वारशाबद्दल बोलू. एखादं लेकरू जागेवर बसत नाही, सांगितलेलं अर्ध्यात विसरतं, दप्तर हरवतं, रागात मारतं. डॉक्टर याला एडीएचडी म्हणतात, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. पण प्रत्येक मस्तीखोर पोराला हे नसतं. बारा वर्षांच्या आत सुरू झालेलं, सहा महिने टिकलेलं, घरी अन् शाळेत दोन्हीकडे नडणारं असेल, तरच शंका घ्यायची. काही मुली नुसत्याच हरवल्यासारख्या बसतात, त्यांचं तर ध्यानातही येत नाही.

जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसलं, की यात वारशाचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश आहे. पण जनुक एक नाही. २०२३ साली छापलेल्या अभ्यासात ३८ हजारांवर रुग्ण तपासले, तेव्हा जनुकांमधल्या २७ जागा सापडल्या. एकेकीचा वाटा चिमूटभर. म्हणून हे सिकलसेलसारखं रक्तात तपासता येत नाही.

मग "आईनंच लाडावलं" म्हणून सुनेला बोल कशाला लावायचा? वारसा बापाकडूनही येतो. पुजाऱ्याकडं उतारा करून तो जात नाही. मारानं लक्ष टिकत नाही, उलट हट्ट अन् भांडणं वाढतात.

वारसा आपल्या हाती नाही, वागणं आहे. जवळ जाऊन, एका वेळी एकच काम सांगा. अभ्यास दहा-दहा मिनिटांचा ठेवा. केलं की लगेच शाबासकी द्या. जेवण-झोप ठरल्या वेळी.

आधी कान, डोळे अन् अशक्तपणा तपासून घ्या, त्यानंही लक्ष लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. अठरा वर्षांपर्यंत तपासणी मोफत, अन् एडीएचडी त्यांच्या यादीत आहे. पथक कधी येणार, ते आशाताईला, अंगणवाडीताईला विचारा अन् त्या दिवशी स्वतः हजर राहा. घरी काय दिसतं, ते आईच सांगू शकते. गोळी लागते की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

गटातल्या एखादीचं लेकरू असं असलं, तर तिला नावं ठेवू नका. त्या दिवशी तिच्यासोबत जा.