संगणकाचे स्वतंत्र दालन


महूचे नाव 2003 साली डॉ. आंबेडकर नगर झाले; तरीही जुन्या नावाने विचारणारा येथेच पोचतो. संगणक मात्र मोघम आज्ञेने भलतीकडे नेतो.

पायथॉनमध्ये 2012 पासून प्रत्येक कामासाठी पॅकेजांचे स्वतंत्र दालन, म्हणजे ‘व्हेन्व्ह’, करता येते. परंतु त्यात जुपिटर बसविलेला नसेल, तर नुसत्या ‘जुपिटर’ या आज्ञेने सामायिक जागेतील जुपिटर उघडतो आणि पॅकेजांच्या तेथील जुन्या आवृत्त्या वापरतो. सूचना मिळत नाही. गुणपत्रकाचा हिशेब मात्र चुकू शकतो.

यास्तव ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापून कोणता पायथॉन चालू आहे, ते प्रथम पाहावे. दालन सुरू करून जुपिटर त्यातच बसवावा आणि ‘पायथॉन -एम जुपिटर’ अशी आज्ञा द्यावी. चुकलेल्या हिशेबाचा जाब अखेर आपल्यालाच द्यावा लागतो.