कोर्टातला कागद आपल्या हाती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही विहिरीचा कागद कोर्टातून काढून आणलात ना, तो कसा आणलात ते सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंत. कायदा मी शिकलेली नाही आणि कायद्याचा सल्ला देणेही माझे काम नव्हे. तो वकिलांनी द्यावा. पण कोर्टातला कागद कोठे असतो, कसा मागायचा आणि हाती आला म्हणजे काय पाहायचे, एवढे मी हेलपाटे घालून शिकले आहे. तेवढेच आज सांगते.

आपल्या कोकणात कोर्टाचे नाव ऐकले नाही असे घर विरळा. कोठे भावाभावांची वाटणी, कोठे गडग्याची हद्द, कोठे विहिरीचे पाणी, कोठे पाणंदीची वहिवाट. दावे आजे-सासऱ्यांच्या वेळचे असतात. निकालही लागलेले असतात. कागद मात्र घरात सापडत नाही. मग बोलाचालीवर सारे चालते, आणि बोलाचालीत बाईमाणसाचे बोलणे सर्वांत शेवटी ऐकले जाते.

पहिली गोष्ट ही, की कोणता कागद कोणत्या कचेरीत मिळतो हे आधी नीट समजून घ्यावे. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे. खरेदीखत, बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. कुळाच्या हक्काची प्रकरणे बहुतेक तहसीलदारांपुढे चाललेली असतात. मालकी, वाटणी, वहिवाट, मनाई यांचे दावे मात्र दिवाणी न्यायालयात. कोर्टाचा वारस दाखलाही तिथलाच. एका कचेरीचा कागद दुसऱ्या कचेरीत मागितला तर कारकून "इथे नाही" म्हणतो, आणि आपण समजतो की कागदच नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

आता आमच्या घरची हकिगत सांगते. आमच्या घरामागे दुसऱ्याच्या आगरात एक जुनी विहीर आहे. आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिचे पाणी भरत आली. तीन वर्षांपूर्वी ते आगर विकले गेले. नव्या मालकाने चिऱ्याचे कुंपण घालायला घेतले आणि आमची पायवाट बंद झाली. वैशाखातले दिवस, नळाला एक दिवसाआड पाणी. सासूबाई एकसारख्या म्हणत, "अगो, या वाटेचा निकाल झालेला आहे. आमच्या तडजोडीवर मी स्वतः सही केली आहे." सासूबाईंचे वय तेव्हा ब्याऐंशी. वाडीतली माणसे तोंडावर काही बोलत नसत, पण मागे म्हणत की म्हातारीला भास होतात. आमचे यजमान नोकरीनिमित्त मुंबईला. तेव्हा जे करायचे ते मलाच करायचे होते.

कोर्टात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "दावा नंबर काय?" दाव्याचा नंबर आणि साल हेच त्या दाव्याचे नाव. त्यात साधा दावा की स्पेशल, हेही लागते. जुन्या कागदांवर "रे. मु. नं." असे लिहून पुढे आकडा आणि साल असते. आपल्या शेजारच्या महाडचे उदाहरण घ्या. चवदार तळ्याच्या पाण्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध झालेला दिवाणी दावा महाडच्या कोर्टातला, क्रमांक ४०५, साल १९२७. तिथून अपील ठाण्याला गेले, तिथून मुंबई उच्च न्यायालयात, आणि १७ मार्च १९३७ रोजी शेवटचा निकाल लागला. तळे सर्वांना मोकळे राहिले. पाण्याचा एक हक्क, आणि त्याचे दप्तर तीन ठिकाणचे! म्हणून नंबर विचारताना कोणत्या कोर्टाचा नंबर, हेही विचारावे. खालच्या कोर्टाचा वेगळा, अपिलाचा वेगळा.

नंबर ठाऊक नसेल तर काय करावे? घरातली ट्रंक उघडावी. जुने समन्स, वकिलाचे पोस्टकार्ड, कोर्टात पैसे भरल्याची पावती, यांवर नंबर असतो. ते नसेल तर फेरफार पाहावा. कोर्टाच्या निकालावरून सातबाऱ्यावर नोंद झाली असेल तर फेरफारात दाव्याचा क्रमांक लिहिलेला असतो. पुढच्या खरेदीखतातही पुष्कळदा जुन्या दाव्याचा उल्लेख येतो. ज्यांच्याशी दावा झाला त्यांच्या घरीही कागद असतो. सलोखा असेल तर विचारायला लाजू नये. आम्हाला नंबर मिळाला तो सासूबाईंच्या पोथीच्या बासनात, वकिलांनी १९८४ साली पाठवलेल्या एका पोस्टकार्डावर. पुढच्या तारखेला हजर राहावे, एवढाच मजकूर होता. पण वर कोपऱ्यात नंबर होता.

काहीच सापडले नाही तर वादी-प्रतिवादींची नावे आणि अंदाजे साल घेऊन जावे. कोर्टात दाव्यांची नोंदवही असते, ती सालवार असते. शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो आणि त्याची ठरलेली फी असते. "फार वर्षांपूर्वी" असे सांगू नये. थोरल्या मुलीचे लग्न झाले त्या साली, मोठा पूर आला त्याच्या आदल्या वर्षी, असे धरून साल काढावे. आपल्या बायकांच्या डोक्यात ही पंचांगे पक्की असतात, त्यांचा उपयोग करावा.

मग प्रश्न, कोर्ट कोणते? जिल्हा न्यायालय रत्नागिरीला आहे. चिपळूण, खेड, दापोली, राजापूर, देवरुख अशा ठिकाणी तालुक्यांची न्यायालये आहेत. दावा किती रकमेचा, यावरून तो कनिष्ठ स्तराकडे की वरिष्ठ स्तराकडे हे ठरते. जुन्या दाव्यांना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी मालवण, कुडाळ, देवगड सारे रत्नागिरी जिल्ह्यातच. तेव्हा माहेर तिकडचे असेल तर जुन्या अपिलाची चौकशी दोन्हीकडे करावी. मंडणगडला २०२५ साली न्यायालयाची नवी इमारत उघडली. असे नवे कोर्ट जिथे होते तिथले जुने दावे आधी दुसरीकडे चाललेले असतात. उच्च न्यायालयाचेही तसेच. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरीसाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. जुन्या अपिलाचा कागद मुंबईत की कोल्हापुरात, हे आधी विचारावे आणि मगच एस.टी.त बसावे.

हल्ली घरबसल्याही चौकशी करता येते. ई-कोर्टाचे संकेतस्थळ आणि मोबाईलवरचे ॲप आहे. त्यात पक्षकाराचे नाव किंवा दावा क्रमांक घातला की पुढची तारीख आणि झालेले हुकूम दिसतात. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा एक सी.एन.आर. नंबर असतो, तो वहीत टिपून ठेवावा. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले तर पाच मिनिटांत काढून देतो. परंतु दोन गोष्टी विसरू नयेत. चाळीस वर्षांपूर्वीचा दावा तिथे दिसला नाही, म्हणजे तो झालाच नाही असे नव्हे. आणि मोबाईलवरून छापून घेतलेला हुकूम माहितीपुरता; दुसऱ्या कचेरीत किंवा कोर्टात दाखवायला सही-शिक्क्याची खरी नक्कल लागते.

ही नक्कल मागायचा अर्ज अवघड नाही. कोर्टाचे नाव, दावा क्रमांक व साल, वादी-प्रतिवादींची नावे, निकालाची तारीख ठाऊक असल्यास ती, आपले नाव-पत्ता, आपला दाव्याशी संबंध, आणि कोणकोणते कागद हवेत त्यांची यादी. "सर्व कागद द्यावेत" असे लिहू नये. खर्चही वाढतो आणि वेळही. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन मुख्य. तडजोड झाली असेल तर तडजोडीची पुरसीसही मागावी, नकाशा जोडलेला असेल तर नकाशाही. अर्जाला कोर्ट फीचे तिकीट लागते, नकलेचा खर्च पानांवर असतो. पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. पावतीवाचून कोणाच्या हातात पैसे देऊ नयेत.

दाव्यातल्या पक्षकाराला स्वतःच अर्ज करता येतो. पक्षकार वारले असतील तर वारसाने आपले नाते लिहून त्याचा पुरावा जोडावा. परक्याला मात्र कागद कशासाठी हवा ते सांगावे लागते, आणि दुसऱ्याने हजर केलेले पुराव्याचे कागद त्याला सहजासहजी मिळत नाहीत. ते योग्यच आहे. आपल्या घरचे कागद उद्या कोणीही मागितले तर आपल्याला तरी चालेल का?

काही जणी विचारतात, माहितीच्या अधिकारात मागू का? तो कायदा २००५ चा आणि चांगला आहे. पण दाव्यातल्या कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमांप्रमाणेच घ्याव्या लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. म्हणून त्या वाटेने जाऊन वेळ दवडू नये.

नक्कल हाती आली म्हणजे लगेच पिशवीत घालू नये. तिथेच बाकावर बसून पाने मोजावीत. शिक्का, सही आणि "खरी नक्कल" हा शेरा पाहावा. गट नंबर, सर्व्हे नंबर, नावे ताडून पाहावीत. अर्ज केव्हा केला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली, या तारखा नकलेवर असतात. त्यांना फार महत्त्व आहे. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात तीस दिवस आणि उच्च न्यायालयात नव्वद दिवस असते, आणि नक्कल तयार होण्यास लागलेले दिवस त्यातून वजा धरतात. म्हणून निकाल विरुद्ध गेला तर रडत बसण्याआधी नकलेचा अर्ज द्यावा.

कधी कधी उत्तर येते की कागद मिळत नाही. कोर्टातले सगळेच कागद कायम ठेवत नाहीत. काही कागद ठरलेल्या मुदतीनंतर नियमाप्रमाणे नष्ट करतात. तेव्हा जे उत्तर मिळेल ते लेखी मागावे. तोंडी "नाही" पुढे कोठेच चालत नाही, लेखी "नाही" चालते. मग अपील झाले असेल तर अपिलाच्या कोर्टात पाहावे, तलाठ्याकडे फेरफाराबरोबर दिलेली प्रत आहे का ते पाहावे. आणखी एक. आपण मूळ खरेदीखत दाव्यात हजर केले असेल, तर दावा संपून अपिलाची मुदत गेल्यावर ते अर्ज करून परत मागावे. पुष्कळ घरांची मूळ खते अशीच कोर्टाच्या गठ्ठ्यात राहून गेली आहेत.

आमची नक्कल मिळायला चार हेलपाटे पडले. पहिल्या खेपेला साल चुकीचे निघाले, कारण पोस्टकार्ड तारखेचे होते आणि दावा त्याआधी दोन वर्षांचा. नक्कल आली ती आठ पानांची. सहाव्या पानावर तडजोडीचे कलम होते: विहिरीवर जाण्यासाठी चार फूट रुंदीची पायवाट कायम मोकळी ठेवावी, आणि तीस कोणी अडथळा करू नये. खाली सह्या. त्यांत प्रतिवादी नंबर तीन म्हणून सासूबाईंचे नाव. मी ते त्यांना वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा लावून आपले नाव बोटाने दोनदा चाचपले आणि म्हणाल्या, "चहा टाक."

नव्या मालकाला तो कागद वकिलांमार्फत दाखवला. विकणाऱ्याने त्याला यातले काहीच सांगितलेले नव्हते. तो माणूस समंजस निघाला. कुंपणात चार फुटांचे दार ठेवले, आणि आजही आम्ही त्याच वाटेने पाणी भरतो. सगळ्यांचे इतक्यात भागेल असे मी म्हणत नाही. समोरचा ऐकत नसेल तर दरखास्त करावी लागते. साधारणपणे हुकूमनाम्याच्या बजावणीला बारा वर्षांची मुदत असते. कायमच्या मनाईच्या हुकुमाला ती मुदत नाही. आपला हुकूम कोणत्या जातीचा, हे वकिलांना विचारावे. पण विचारायला जाताना कागद हाती असला पाहिजे.

वकिलांची फी परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी जिल्हा न्यायालयातच असते, आणि १५१०० हा फोन देशभर चालतो.

शेवटी माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपल्या सासरच्या आणि माहेरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे: आपल्या घरात कधी दावा झाला होता का, कोणाशी, कोणत्या साली, कोणत्या कोर्टात? जे सांगतील ते एका वहीत लिहावे. ज्यांना हे आठवते त्या माणसांचे वय झाले आहे. लग्नाच्या याद्या आपण जपतो, हळदीकुंकवाच्या याद्या जपतो, तशीच ही एक यादी जपावी. आणि कोणाला अर्ज लिहायला सोबत हवी असेल तर दर शनिवारी दुपारी मी मंडळात असतेच.