स्वमग्न बालकाचे ताट

(अंगणवाडी सेविका आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बालकाच्या आहाराचा विषय निघाला की आपण बहुधा उणिवेविषयी बोलतो. घरात धान्य आहे काय, दूध मिळते काय, हे प्रश्न रास्तच आहेत. आज मात्र मी अशा घरांविषयी बोलणार आहे, जिथे अन्न आहे, ते भरविणारे मायेचे हातही आहेत, आणि तरीही बालक ते तोंडात घेत नाही. स्वमग्नता, अर्थात ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या घरी हा प्रसंग दिवसातून दोनदा उभा राहतो.

ही गोष्ट नवी नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्या लेखातही मुलांच्या खाण्याच्या अडचणींची नोंद आहे. पुढे कित्येक वर्षे स्वमग्नतेचा दोष आईच्या कथित कोरडेपणाला दिला गेला. विज्ञानाने ते मत केव्हाच टाकून दिले. आपल्या माजघरातून मात्र ते अद्याप पुरते गेलेले नाही. ‘तूच लाडावून ठेवलेस’, ‘एक दिवस उपाशी ठेव, म्हणजे खाईल’ हे उद्गार आजही त्या मातेला ऐकावे लागतात.

मग हे मूल खात का नाही? अनेकदा त्याचे कारण हट्टात नसून संवेदनांत असते. स्पर्श, गंध, चव, रंग आणि आवाज यांची जाणीव अशा काही बालकांना अतिशय तीव्रतेने होते. २०१३ पासून संवेदनांच्या या वेगळेपणाचा समावेश स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत झालेला आहे. आपल्याला चविष्ट वाटणारी भेंडीची भाजी त्याला असह्य बुळबुळीत लागते. हिंगाच्या फोडणीचा वास त्याला स्वयंपाकघरापासून दूर पळवितो. वरणभात हाताने कालविणे हे बोटांना चिखल लागल्यासारखे वाटते. शिवाय अशा मुलाला अनपेक्षित बदल रुचत नाही. बिस्किट किंवा कुरमुरे रोज सारखेच असतात. पेरूची एक फोड गोड, तर दुसरी तुरट निघते. म्हणून ते ओळखीच्या चार पदार्थांचा आश्रय घेते. काही मुलांना पोटातील भुकेची जाणीवही स्पष्टपणे होत नाही. ‘भूक लागली की खाईल’ हा अनुभवाचा नियम येथे म्हणूनच फसतो.

अंगणवाडी सेविकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात असे आढळले, की स्वमग्न मुलांत खाण्याच्या समस्यांचे प्रमाण इतर मुलांच्या सुमारे पाचपट असते. त्यांच्या आहारात प्रथिने आणि कॅल्शियम कमी पडतात. परंतु त्यांच्या वाढीत इतर मुलांहून लक्षणीय फरक दिसला नाही. याचा अर्थ असा, की वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवील आणि तरीही आत पोषणाची उणीव राहील. केवळ भात आणि बिस्किटांवर वाढणाऱ्या मुलाचे वजन भरते. पण अत्यंत मर्यादित आहारामुळे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्यांतून रक्त येणे, पाय दुखून चालणे टाळणे, असे प्रकार वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. तेव्हा वजनाबरोबरच ‘मूल कोणकोणते पदार्थ खाते?’ हेही विचारावे. ही यादी महिन्यागणिक आखूड होत असेल, तर ती धोक्याची सूचना समजावी.

उपाय करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. दातदुखी, बद्धकोष्ठता, घशाशी येणारे आम्ल यांचा त्रास जे मूल शब्दांत सांगू शकत नाही, ते तो अन्न नाकारून सांगते. कोणाच्या सांगण्यावरून दूध वा पोळी परस्पर बंद करू नये. अशा पथ्याने स्वमग्नता दूर होते याला पुरेसा आधार नाही. उलट चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दोन पदार्थ त्यामुळे हिरावले जातात.

नाक दाबून घास कोंबणे सर्वथा टाळावे. त्याने उलटी होते, घास अडकण्याचा धोका असतो, आणि ताटाची भीती कायमची बसते. आवडत्या दुधात लोहाचे औषध लपवून देण्याचा मोहही आवरावा. मुलाला फरक लगेच कळतो आणि विश्वासाचे दूधही सुटते. औषध कसे द्यावे, हे डॉक्टरांनाच विचारावे.

त्याऐवजी ताटात ओळखीचा एक पदार्थ नेहमी असू द्यावा. नवा पदार्थ शेजारी, वेगळ्या वाटीत, चिमूटभर ठेवावा. खाण्याचा आग्रह करू नये. आज तो समोर राहू दिला, उद्या त्याला बोट लावले, आणखी काही दिवसांनी हुंगले किंवा जिभेला लावले, तर ही प्रत्येक पायरी प्रगतीच होय. बदल करावा तो एका वेळी एकच. कुरमुरे खाणाऱ्याला ज्वारीच्या लाह्या द्याव्यात. पांढरा मऊ भात खाणाऱ्याला त्यात थोडीशी मुगाची डाळ, तीही त्याच्या देखत घालून द्यावी. हात माखणे सोसत नसेल तर चमचा द्यावा. गोंगाट होत असेल तर शांत कोपऱ्यात बसवावे. यास आठवडे नव्हे, महिनेही लागतील.

या कामी कुटुंब एकटे नाही. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची तरतूद आहे. तेथून बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश आहे. संशय येताच पालकांना हा मार्ग दाखविणे, हे सेविकांच्या हातचे काम आहे.

आपल्याकडे अन्नाला पूर्णब्रह्म म्हटले आहे. त्यामुळे ताटातील अन्न नाकारणारे मूल आपल्याला उद्धट भासते. परंतु जे बालक बोलून सांगू शकत नाही, त्याचा नकार ही त्याची भाषा असते. ती समजून घेणारा घरातील एक जाणता माणूस, ‘खाईल हळूहळू, घाई नको,’ असे त्या मातेला म्हणेल, तर उपचाराची निम्मी वाट सुकर होईल. आपण सर्वांनी तो जाणता माणूस व्हावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.