ऑनलाइन परीक्षेची पूर्वतयारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी कोणी आहारावर बोलते, कोणी भरतकामावर. मला मात्र चिटणीसबाईंनी विषय दिला तो परीक्षेसाठी ई-मेल आणि ब्राउझर कसा तयार ठेवावा याचा. विषय ऐकताच मागच्या बाजूला जरा कुजबुज झाली, ती माझ्या कानांवर आली! ‘हे काम मुलांचे, आपल्याला त्यातले काय?’ पण घरातल्या लेकीसुनांचा अर्ज भरताना मोबाईल नंबर कोणाचा द्यायचा, हे घरातच ठरते ना? शिवाय लग्नानंतर सुटलेले शिक्षण यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुरे करावे, असे आपल्यांपैकी काहीजणींच्याही मनात आहे.

आपल्या वाशिम जिल्ह्याला या परीक्षांची खरी ओळख झाली ती २०२० साली. कोरोनामुळे महाविद्यालये बंद होती. अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्यावाचून पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला. आणि ऑक्टोबरात, ऐन सोयाबीनच्या सोंगणीत, अमरावती विद्यापीठाच्या मुलामुलींना घरबसल्या मोबाईलवर पेपर सोडवायची पाळी आली. घरात मोबाईल एक, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील शेतात! आता विद्यापीठाचे पेपर पुन्हा वर्गात बसून होतात, हे खरे. तरी अर्ज, हॉल तिकीट, निकाल हे सारे इंटरनेटवरच चालते, आणि कित्येक प्रमाणपत्र अभ्यासक्रमांच्या व नोकरीच्या चाचण्या अजूनही घरूनच द्याव्या लागतात.

तर आधी ई-मेल. आपल्याकडे रीत अशी पडली आहे, की मुलगी अर्ज भरायला दुकानात जाते आणि दुकानातला मुलगाच दोन मिनिटांत तिचा ई-मेल काढून देतो. पासवर्ड त्याच्या मनचा, मोबाईल नंबरही त्याचाच! आमच्या ओळखीच्या एका मुलीचे असेच झाले. परीक्षेच्या सकाळी तिने काकांच्या मोबाईलवर ई-मेल उघडायला घेतला. मोबाईल अनोळखी दिसताच खात्याने ओटीपी मागितला, आणि तो गेला दुकानदाराच्या नंबरवर. दुकान बंद, दुकानदार बाहेरगावी. परीक्षेची लिंक त्या ई-मेलमध्ये पडून राहिली आणि पोरीचा पेपर बुडाला. अभ्यास मात्र तिचा चोख झालेला होता. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की ई-मेल मुलीच्या स्वतःच्या नावाचा असावा, पासवर्ड तिने स्वतः ठरवावा आणि नंबर तिचा किंवा आईचा असावा. भावाचा किंवा होणाऱ्या नवऱ्याचा नको. लग्न ठरले, सिमकार्ड बदलले, की खाते अडकते. नंबर बदलायचाच असेल, तर जुना चालू असतानाच खात्यात नवा घालून घ्यावा.

पासवर्ड कागदावर लिहू नये, असे शिकलेले लोक म्हणतात. माझे मत निराळे आहे. दागिन्यांच्या डब्यात ठेवलेल्या वहीत तो लिहिलेला असला, तर काही बिघडत नाही. विसरण्यापेक्षा ते बरे. मोबाईलच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवू नये, म्हणजे झाले.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जीमेलच्या फुकट खात्यात पत्रे, फोटो, फाइली सर्व मिळून १५ जीबी मावते. लग्नाचे फोटो आणि बारशाचे व्हिडिओ साठून कोठी भरली, की नवे पत्र आत येतच नाही. तसेच दोन वर्षे हातच न लावलेले खाते गूगल काढून टाकू शकते. म्हणून परीक्षेच्या आठ दिवस आधी दुसऱ्या कोणाकडून एक पत्र मागवून पाहावे. समोर दिसले नाही तर ‘स्पॅम’च्या कप्प्यातही शोधावे, कामाची पत्रे तिथे जाऊन बसतात.

आता ब्राउझर. इंटरनेटवरची पाने ज्यातून उघडतात ते ॲप म्हणजे ब्राउझर. बहुतेकींच्या मोबाईलवर ते क्रोम असते. ते आधी अपडेट करून घ्यावे. परीक्षेत कॅमेरा लागत असेल, तर परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, हे ध्यानात असू द्या: एकदा मोबाईलने ब्राउझरला आणि एकदा ब्राउझरने त्या संकेतस्थळाला. घाईत ‘नको’वर बोट पडले, तर ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारीत नाही. मग पत्त्याच्या डावीकडचे छोटे चिन्ह दाबून ती परवानगी द्यावी. काही ॲप्स आलेली लिंक आपल्याच पोटात उघडतात आणि तिथे कॅमेरा चालेनासा होतो. अशा वेळी लिंक कॉपी करून थेट क्रोममध्ये उघडावी.

मोबाईलचे घड्याळ आपोआप लागणारे ठेवावे. तारीख चुकली, की ब्राउझर चांगले संकेतस्थळही धोक्याचे ठरवतो. आणि क्रोमचे आपोआप भाषांतर बंद करावे, नाहीतर जीवशास्त्राच्या पेपरातल्या इंग्रजी ‘सेल’ची मराठीत तुरुंगातली कोठडी व्हायची! पेपर चालू असताना फोन आला किंवा निरोप पाहायला दुसरीकडे गेले, तर काही परीक्षांत ते पान सोडल्याची नोंद होते. तेवढा वेळ ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावे, आणि मामा-मावश्यांनी ‘पेपर कसा चालला?’ म्हणून फोन करू नये.

विजेचे आपल्याकडे सांगायलाच नको; मोबाईल रात्रीच चार्ज करून ठेवावा. खोट्या लिंकांपासूनही जपावे. सरकारी कार्यालयांचे पत्ते सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ने आणि विद्यापीठांचे बहुधा ‘एसी डॉट इन’ने संपतात. परीक्षेच्या नावाने कोणी ओटीपी विचारू लागले, तर फोन सरळ ठेवून द्यावा.

बोलून जेवढे कळते त्याहून करून पाहिल्याने अधिक कळते. येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी यंदा परीक्षा आहे, त्यांनी मुलीला, तिच्या मोबाईलला आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो त्या मोबाईललाही बरोबर आणावे.