कलावंताची ठेव आणि उद्योजकाची ठेव

(उत्सवानिमित्त महाजनांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



या सभेत चार शब्द बोलण्याची आज्ञा व्यवस्थापक समितीने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी पंडित नव्हे आणि कलावंतही नव्हे; जमाखर्चाच्या वह्यांत ज्याचे आयुष्य गेले असा एक निवृत्त कारकून आहे. म्हणून विषयही माझ्या आवाक्यातलाच घेतला आहे. कलावंतांनी आणि उद्योजकांनी स्वतःच्या पदरचा पैसा कोठे घातला, त्यातला कोणता फळला आणि कोणता बुडाला, हा तो विषय.

आपल्या घरांशी याचा काय संबंध, असे कोणास वाटेल. महाजनांच्या घरांत पैसा ठेवण्याच्या जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या आहेत: भाट-कुळागर, सोने आणि अलीकडे बँकेतील मुदतठेव. परंतु आता घरातलेच मूल समोर येऊन म्हणते, "मला स्टुडिओ काढायचा आहे, कारखाना घालायचा आहे, ठेव मोडा, नाही तर घर तारण ठेवा." अशा वेळी वडीलधारी मंडळी एक तर 'नाही' म्हणून मोकळी होतात, नाही तर मायेपोटी डोळे मिटून सही करतात. दोन्ही उत्तरे विचार न करताच दिलेली असतात. विचार कसा करावा, हे थोरांच्या उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा गृहस्थ चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई यांत मुरलेला होता. भागीदाराशी न पटल्याने छापखाना सुटला, आणि ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून आपल्या देवादिकांची चित्रे पडद्यावर हलती दिसावीत या ध्यासाने त्यांस पछाडले. त्यांनी आयुष्याची विमा पॉलिसी तारण ठेवली, १९१२ साली लंडन गाठले, तेथे तंत्र समजून घेऊन कॅमेरा विकत घेतला आणि ते परतले. परतल्यावर त्यांनी जे केले ते विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. मोठा चित्रपट लगेच हाती न घेता त्यांनी वाटाण्याचा अंकुर फुटून वेल कसा वाढतो, याची एक छोटी फिल्म केली आणि ती पैसा देऊ शकणाऱ्यांना दाखवली. सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. इतकेच नव्हे, तर फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतची कामे त्यांनी उचलली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला आणि एका नव्या धंद्याचा पाया घातला गेला. पुढे भांडवलदार भागीदारांशी दादासाहेबांचे बिनसले. १९४४ साली नाशिकला त्यांचा अंत झाला तेव्हा पदरी संपत्ती नव्हती. तरीही ती पॉलिसी आणि ते दागिने वाया गेले, असे कोण म्हणेल?

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या बेळगावचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षक होते. बढतीत अन्याय झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींचे दुकान चालवीत कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करावयास घेतले. लोखंडी फाळाने जमिनीत विष पसरते, असा शेतकऱ्यांचा समज होता; पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. त्या काळात सायकली आणि कडबायंत्रे यांनी घर चालविले. कारखान्याची जागा नगरपालिकेने घेतल्यावर औंधच्या अधिपतींनी कुंडल स्थानकाजवळ जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर विकला जाईपर्यंत तग धरण्याची सोय या माणसाने आधीच करून ठेवली होती. धाडस ते हेच. भात शिजेपर्यंत थांबता येईल इतके सरपण त्यास लागते.

आता बुडालेल्या पैशाकडे वळू. मार्क ट्वेन हा अमेरिकेचा थोर विनोदी लेखक. लहानपणी त्याने छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम केले होते. पेज नावाच्या एका कारागिराने खिळे आपोआप जुळविणारे यंत्र काढले, तेव्हा या यंत्राची किंमत आपल्याइतकी कोणास कळणार, असे ट्वेनला वाटणे साहजिक होते. १८८० पासून तो त्यात पैसा ओतीत गेला. पत्नीला माहेरून मिळालेले धनही त्यात गेले. ते यंत्र सुमारे अठरा हजार भागांचे होते. ते पुरे होते न होते तोच पेज नवी सुधारणा सुचवी आणि पुन्हा सारे उलगडले जाई. १८८६ साली लायनोटाइप हे साधे यंत्र न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात चालू झाले, तरी ट्वेनचा हात आखडेना. अखेर १८९४ साली शिकागोच्या वृत्तपत्रात पेजच्या यंत्राची परीक्षा झाली, आणि ते वारंवार मोडू लागले. सुमारे तीन लाख डॉलर बुडाले. त्याच वर्षी त्याच्या प्रकाशनसंस्थेचेही दिवाळे वाजले. कर्ज फेडण्यासाठी साठीच्या घरातला हा लेखक जगभर व्याख्याने देत फिरला. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईसही आला होता. १८९८ पर्यंत त्याने पै न् पै चुकती केली.

गंमत अशी की याच माणसाने जनरल ग्रँटच्या आठवणींचे पुस्तक १८८५ साली काढले, ते तुफान खपले आणि ग्रँटच्या विधवेला त्याने दोन लाख डॉलरांचा धनादेश दिला. तेव्हा "माहितीच्या धंद्यात पैसा घाला" हा उपदेश अपुरा आहे. यंत्राची माहिती ट्वेनला होती; नव्हती ती मर्यादा. फाळक्यांचा वाटाणा काही आठवड्यांत उगवला. ट्वेनच्या यंत्राला चौदा वर्षांत एकदाही नीट अंकुर फुटला नाही, तरी पाणी घालणे थांबले नाही.

तिसरा प्रकार निराळा. आपल्या कित्येक घरांत भिंतीवर लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या तसबिरी असत, त्यांचा उगम राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात आहे. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. चित्रे घरोघर पोहोचली, पण छापखाना कर्जात रुतला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यास विकावा लागला. त्याच्या हाती तो चालला. लिसेवमध्ये ज्यांनी फ्रेंच वाङ्मय वाचले त्यांना बाल्झाक आठवेल. त्यानेही छापखाना आणि खिळ्यांचा ओतशाळा-धंदा केला, १८२८ पर्यंत कर्जबाजारी झाला. तीच ओतशाळा पुढे द बेर्नी यांच्या हाती भरभराटीस आली. धंदा खोटा नव्हता. ज्या हाताने चित्र काढायचे, त्याच हाताने रोज संध्याकाळी रोजमेळ लिहिणे साधले नाही, एवढेच.

आणि शेवटचे उदाहरण आपल्या मातीतले. मंगेशीचे मास्टर दीनानाथ यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी उभारली आणि रंगभूमी गाजविली. बोलपटाची लाट आली तेव्हा त्यांनी चित्रपटसंस्था काढली. १९३४ च्या 'कृष्णार्जुन युद्ध' या चित्रपटात मोठी खोट आली. १९४२ साली पुण्यास ते निवर्तले तेव्हा थोरल्या कन्येस तेरावे वर्ष चालू होते. परंतु तिला त्यांनी स्वतः समोर बसवून गाणे शिकविले होते. लता मंगेशकर यांनी त्या विद्येवर आधी भावंडांचा संसार ओढला, मग साऱ्या देशाचे कान तृप्त केले. पित्याच्या खतावणीत चित्रपटाचा तोटा लिहिला गेला असेल. मुलीला शिकविण्यात घातलेल्या सकाळी कोणत्याच वहीत नव्हत्या.

महाजनहो, यावरून मी तीन प्रश्न काढतो. पहिला: हा पैसा आपल्या अंगच्या विद्येला बळ देतो, की दुसऱ्याच्या विद्येवर विसंबतो? दुसरा: थोडक्या पैशात वाटाण्याएवढा प्रयोग झाला आहे काय, आणि कोठे थांबायचे ते आधी लिहून ठेवले आहे काय? तिसरा: बुडाल्यास कोणाचे छप्पर जाणार, आणि त्या माणसाने समजून उमजून होकार दिला आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाबाबत गोमंतकीयांनी विशेष जपावे. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालू आहे. विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता समाईक असते, आणि घर-जमीन विकावयाची तर दोघांची सही लागते. पण सही म्हणजे संमती नव्हे. सरस्वतीबाईंनी दागिने दिले ते धंदा काय आहे हे जाणून, त्यात हात काळे करून. नोटरीसमोर पुढे केलेल्या कागदावर गृहिणीने निमूट नाव लिहावे, हे त्याच्याशी तोलता येणार नाही. सोन्याला तर सहीचेही बंधन नाही.

देवस्थानचा पैसा खर्चावयाचा तर आपण अंदाजपत्रक मांडतो, सभा बोलावतो, हिशेब वाचून दाखवितो. घरातल्या मुलाच्या उद्योगाला एवढाच मान द्यावा. त्याला घरच्या सभेत बसवावे, आकडे मांडावयास लावावे, देता येईल ती रक्कम ठरवून द्यावी आणि राहते घर तेवढे बाजूस ठेवावे. मग ती रक्कम बुडाली तरी मुलगा बुडणार नाही. आणि फळली, तर "आमच्या घराने त्याला नकार दिला होता" असे सांगण्याची पाळी आपणांवर येणार नाही.