सुरामागची नावं

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, जिथं असाल तिथं हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

‘शोला जो भडके’ हे गाणं आपल्या आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. १९५१ सालचा ‘अलबेला’ सिनेमा. पडद्यावर भगवानदादा, संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. लताबाईंबरोबर गायलेही तेच.

या सिनेमाच्या संगीतात त्यांच्यासोबत चिक चॉकलेट होते. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचे. वाजवायचे ट्रम्पेट. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड जॅझ वाजवायचा. जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. ठेका धरायचा आणि वाजवता वाजवता सूर रचत जायचं. जात्यावर बसलं की ओवी जागच्या जागी सुचते ना, तसंच.

सी. रामचंद्रांना या सुरांची ओढ होती. १९४७ च्या ‘शहनाई’तही त्यांनी गिटार, सॅक्सोफोन, माउथ ऑर्गन वापरले. मोठ्या हॉटेलातलं संगीत असं सिनेमातून आपल्या वरातीपर्यंत आलं.

त्या काळी गोव्याचे कितीतरी वादक रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. कामाचे पैसे मिळत. रेकॉर्डवर मात्र नावं संगीतकाराची आणि गायकांची. वाजवणाऱ्यांची नावं बहुतेक वेळा नसतच.

आता आपल्या गटाकडे बघा. दिवाळीची ऑर्डर जाते, पाकिटावर गटाचं नाव असतं. ते बरोबरच आहे. पण भाजणी कुणी भाजली, रात्री अकरापर्यंत चकल्या कुणी तळल्या, कंपनीत खाडा करून पॅकिंगला कोण बसलं, हे वहीत कुठंच नसतं. नफा वाटताना ती बाई गप्प बसते. पुढच्या ऑर्डरला येत नाही. गट असेच मोडतात.

म्हणून ऑर्डरच्या वहीत तीन रकाने आखा: नाव, काम, तास. रोजचं रोज लिहा. ऑर्डर संपली की बैठकीत मोठ्यानं वाचा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. वाटणी सारखी करायची की तासांवर, ते गटानं ठरवायचं. पण ठरवताना वही समोर हवी.

पुढच्या मासिक बैठकीला ही वही नक्की आणा. येते, राम राम.